उथळ पाण्याची राखण

तलावावर श्रमदानाला माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, खड्डे कुठे घ्यायचे? दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला झाड लावायची ओढ असतेच. सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं जंगल आमच्या भागानं पाहिलं आहे. पाणथळीचं काम मात्र निराळं. इथे आधी पाण्याची चढ-उतार शिकावी लागते.

येरळा खटाव तालुक्यात उगम पावते, सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यातले नेर आणि मायणी हे तलाव १९व्या शतकातले, येरळवाडीचं धरण त्यानंतरचं. बांधले ते शेतीसाठी. पक्षी मागाहून आले. पाणी ओसरू लागलं की फुगवट्याकडे चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. सगळी मेजवानी तिथे असते. तुतवाराला ओला चिखल पुरतो, शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो, चित्रबलाक त्याहून खोल पाण्यात चोच उघडी ठेवून मासे चाचपतो. काठाला मंद उतार असेल तर एकाच तलावात साऱ्यांची पंगत बसते.

हा उतार जपणं हेच मी माझं काम समजतो. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. गाळ निघायलाच हवा, तो शेताचं सोनं आहे आणि तलावालाही खोली हवी. आमचं मागणं एवढंच असतं की पोकलेन भिंतीच्या बाजूला चालू द्या. फुगवट्याकडे उभी कड पडली, तर तलाव भरलेला दिसतो, पण पक्ष्याला पाय टेकायला जागा उरत नाही.

हातानं करायची कामंही आहेत. बेशरम मुळासकट उपटावी लागते. नुसती तोडून ओल्यात टाकली तर प्रत्येक कांडी नव्यानं फुटते, म्हणून ती उंच कोरड्या जागी ओढून नेऊन वाळवायची. वेडी बाभूळ जमिनीलगत कापली की बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात. तिला खोडाच्या मुळापाशी खणून काढायचं. जलपर्णी फुलण्याआधी काढायची, कारण तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

खरी ओढाताण वेळेची. शाळा-कॉलेजांना सुट्टी उन्हाळ्यात आणि टिटवी, शेकाट्या, नदी सुरय यांची वीणही त्याच दिवसांत, उघड्या जमिनीवर. मातीच्या रंगाची अंडी पायाखाली जाईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून काठावरचं काम वीण सुरू होण्याआधी आटोपायचं. उन्हाळ्यात उत्साहानं आलेल्या मुलांना भिंतीपलीकडे, बांधावर, करंज आणि जांभळाच्या रोपांकडे वळवायचं.

आणि माणसं? ओसरत्या पाण्यामागोमाग गाळपेर करणारा शेतकरी, म्हशी पाण्यात सोडणारा गुराखी, जाळं टाकणारा कोळी, यांचं पोट या काठावर आहे. त्यांना हटवून पक्षी वाढतील असं मानणं सोपं आहे. भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२ साली गुरांना बंदी झाली. त्या बंदीवरून झालेल्या संघर्षात रक्तही सांडलं. नंतर गवत माजून उघडं पाणी कोंडलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून म्हशींच्या चरण्याचं मोल कळलं. आपल्याकडेही म्हैस पाणकणसाला आवर घालते. म्हणून आम्ही गाळपेरीच्या शेतकऱ्याकडे पाण्यालगतचा एक पट्टा मोकळा मागतो आणि तिथे औषध फवारू नये अशी विनंती करतो. ही बोलणी दरवर्षी नव्यानं करावी लागतात, कारण पाण्याची रेघ दरवर्षी वेगळी असते.

२०२१ साली मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. वन्यजीव कायद्यात अशा क्षेत्राच्या समितीवर ग्रामपंचायतीला, स्वयंसेवी संस्थांना, तसंच शेती आणि पशुसंवर्धन खात्यांनाही जागा आहे. ती जागा नावापुरती भरू नये. गाळ कधी निघतो, गाळपेर कधी होते, वीण कधी बसते, या तिन्हींचं वेळापत्रक ज्याला तोंडपाठ आहे अशा माणसाला गावानं तिथे पाठवावं. आमच्यासारख्यांचं श्रमदान एका मोसमाचं असतं. पुढचे सारे मोसम अशा माणसाच्या भरवशावर असतात.