संशोधनाचे पैसे मिळतात, बाबा!

महिन्याला 37,000 रुपये! तेही भरायचे नाहीत, मिळतात! सीएसआयआरच्या नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, लागली आणि पीएचडीला प्रवेश झाला की पहिली दोन वर्षं एवढे, पुढे 42,000, घरभाडं वेगळं. एमएस्सी रसायनशास्त्राच्या वर्गात बसलेल्या आम्हाला हे कळलं तेव्हा माझ्या मैत्रिणीनं तीनदा विचारलं, ‘म्हणजे आपल्यालेच देतात?’ घरी फोन केला तर बाबा म्हणाले, ‘आधी काही भराले तं नाही ना सांगितलं? नीट पाह्य, फसवतात आजकाल.’

बाबांची शंका रास्तच. यवतमाळात बीएस्सी झालेल्या पोराला लोक दोनच गोष्टी विचारतात: बीएड कधी, आणि एमपीएससीचं काय? अभ्यासिकांमधली गर्दी त्याच वाटेवरची. संशोधन हे आपल्याकडे कुणी ‘करत’ नाही, ते पेपरात छापून येतं.

आणि मग भेटला दादा. घाटंजीकडचा, आमच्यासारखाच कापूसवाल्या घरातला, आता बाहेर पीएचडी करतोय. सुट्टीत आला आणि एका मित्राच्या खोलीवर आम्हाला घेऊन बसला. काय काय सांगितलं त्यानं! बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. दोन महिने थेट शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम! मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भौतिकशास्त्र घेऊन एमएस्सी करणाऱ्या मुलींसाठी ‘विज्ञान विदुषी’ नावाचा उपक्रम चालतो. ही सगळी माहिती उघड्यावर पडलेली आहे, कुणी लपवलेली नाही. पण शोधायचं काय हेच माहीत नसेल तर शोधणार कसं?

खरी गंमत पुढे. दादा म्हणाला, फेलोशिपच्या अर्जासाठी स्वतःबद्दल एक पान लिहून दाखवा. आम्ही लिहिलं. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे. दादानं सगळ्यांचं खोडलं! मग एकेकाला समोर बसवून विचारत गेला. रसायनशास्त्रच का? नेमकं काय बघायचंय? माझी मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग हळूहळू बोलायला लागली. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ती तेव्हा शाळेत होती. गावातले लोक एका पंपात दोन-तीन औषधं मिसळायचे. मिसळल्यावर त्यांचं आत नेमकं काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या डोक्यात आहे. दादा ओरडलाच, ‘अवं, मंग हे लिही ना!’ तिनं लिहिलं. मराठीतच आधी, इंग्रजी नंतर बघू म्हणाला. तिचं ते पान वाचून आम्ही सगळ्यांनी आपापली पानं फाडली आणि नव्यानं लिहायला बसलो.

शिफारसपत्र कसं मागायचं, तेही शिकलो. सरांसमोर नुसतं जाऊन उभं राहायचं नाही. आपले गुण, केलेला प्रकल्प, कशासाठी अर्ज करतोय आणि शेवटची तारीख, एवढं एका कागदावर द्यायचं. सरांनाही सोपं! इतकी साधी गोष्ट!

हे सगळं या जिल्ह्याला अगदी नवीन आहे असंही नाही, हे कळल्यावर तर मी उडालोच. 2017 मध्येच राजू केंद्रे यांनी यवतमाळात ‘एकलव्य’ सुरू केलं. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीला मोठ्या विद्यापीठांपर्यंत पोचवायचं काम. ते स्वतः लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे, शेतकऱ्याचं पोर. पुण्यात शिकायला गेले आणि परतले, मुक्त विद्यापीठातून बीए केलं, मग टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या (टिस) तुळजापूर केंद्रात, आणि 2021 ला चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर थेट लंडन! जो आधी पोचला त्यानं मागच्याचा अर्ज वाचायचा, हीच तिथलीही रीत. एकलव्य म्हटलं की टिस, अझीम प्रेमजी विद्यापीठ अशी समाजशास्त्राकडची नावंच समोर येतात. पण रसायनशास्त्राच्या पोरांनी हेच करायला कुणाची परवानगी लागते?

आणि पीएचडीपर्यंत पोचल्यावरही असा गट लागतोच, असं दादा म्हणाला. 2018 मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त एक पाहणी आली होती, 26 देशांतल्या 2,279 जणांची, त्यात बहुतेक पीएचडी करणारे. चिंता आणि नैराश्य सर्वसाधारण लोकांपेक्षा सहापटीहून जास्त! दादा हे सांगताना हसत नव्हता. प्रयोग महिनोन्‌महिने फसतो, गाईड बोलत नाही, घरी सांगून कळत नाही. त्याच्या लॅबमधले चौघं दर शुक्रवारी चहाला बसतात आणि कुणाचं काय अडलं एवढंच बोलतात.

आणि पीएचडीनंतर काय? त्यासाठी अमेरिकेत तर 2012 पासून ‘माय-आयडीपी’ नावाचं फुकट साधन आहे. आपलं कौशल्य, आवड, मूल्यं यांना गुण द्यायचे, मग ते विज्ञानातल्या पीएचडीवाल्यांसाठी वीसेक वाटा समोर मांडतं. वीसेक! आम्हाला प्राध्यापकीच्या पलीकडे दुसरी मोजता येत नव्हती. प्रश्न तिकडच्या पद्धतीचे आहेत, काही आपल्याला लागूच होत नाहीत, तरी भरून पाहाच.

दादा गेला परत. पण त्यानं सुरू करून दिलेली बैठक आता दर रविवारी आम्हीच चालवतोय, आणि या वेळी बीएस्सीच्या पोरांना बोलावलंय. वणीहून दोघं एसटीनं येणार आहेत, भूशास्त्र घेतलेले. आयआयटीत एमएस्सी करता येते, त्यासाठी ‘जॅम’ परीक्षा असते आणि तिच्यात भूशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, हे त्यांना अजून ठाऊक नाही. कोळसा खाणींच्या वणीतल्या पोरांना! अर्ज सप्टेंबरच्या सुमारास निघतात. त्यांना हे मीच सांगणार, आधीच बजावून ठेवलंय सगळ्यांना.