नर्मदेची गोधडी

जबलपूरला गाडीतून उतरले, की स्टेशनाला लागूनच सिव्हिल लाइन्स. इंग्रजी अमदानीत साहेबलोकांसाठी वसवलेला हा भाग. रुंद रस्ते, ऐसपैस आवारे आणि जुनी सावलीची झाडे. हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, त्यामुळे मराठी बोल इथे नवा नाही. पाहुणा कुठलाही असो, चहाचा पहिला कप संपायच्या आत त्याला एकच प्रश्न येतो : नर्मदेवर जाऊन आलात का? ग्वारीघाट इथून सात-आठ किलोमीटरवर, तर भेडाघाट पंचवीसच्या आसपास.

भेडाघाटला होडीत बसले की दोन्ही काठांना संगमरवराचे कडे उभे राहतात. लांबून पांढरेशुभ्र वाटणारे हे कडे जवळून तसे नसतात. कुठे राखाडी, कुठे पिवळसर, कुठे फिकट गुलाबी, मध्येच काळपट पट्टे. खाली हिरवे, जवळजवळ थांबलेले पाणी. जणू कोणी घरातली जुनी लुगडी आणि धोतरे फाडून तुकडे शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत!

ही नदी खरोखरच तुकड्यातुकड्यांनी जोडणारा एक कलावंत याच शहरात होऊन गेला. अमृतलाल वेगड यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९२८ चा, जबलपूरचाच. घर गुजराती. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून ते परतले आणि जबलपूरच्या कलाविद्यालयात चित्रकला शिकवू लागले. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेच्या काठाने पायी निघाले. पहिला टप्पा होता जबलपूर ते मंडला. पुढे वर्षानुवर्षे, टप्प्याटप्प्याने, त्यांनी ही परिक्रमा चालवली आणि काही पदयात्रांत पत्नी कांताही सोबत आल्या. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, आणि परिक्रमा म्हणजे दोन्ही काठ! या चालण्यातून आलेल्या ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची नर्मदेवरची पुस्तके मराठीतही आली आहेत.

लेखक म्हणून ते अधिक गाजले, पण त्यांची कोलाजचित्रे पाहणाऱ्याला ते आधी चित्रकार वाटतात. या चित्रांत कुंचला नाही. रंगीत मासिकांची छापील पाने कातरायची आणि चिकटवायची. घाटावर न्हाणाऱ्या बाया, डोईवर गाठोडी घेतलेले परिक्रमावासी, नाव, झाड, पाणी, सगळे कागदाच्या कपट्यांतून उभे राहते. रंग कालवून घेण्याची सोय इथे नाही. हवी ती हिरवी छटा एखाद्या पानावर सापडेपर्यंत थांबायचे. गोधडी शिवणाऱ्या आजीलाही हेच करावे लागते. घरात जे फाटले असेल त्यातूनच तिला रंग जमवावे लागतात.

वेगड यांनी पहिल्यांदा तुडवलेली ती जबलपूर-मंडला वाट आज तशी उरलेली नाही. तिथे बर्गीचे धरण झाले. काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये धरण पूर्ण झाले. १६२ गावांना बुडिताची झळ लागली. शेते, पायवाटा, ओट्यावर बसून परिक्रमावाशाला शिधा देणारी घरे पाण्याखाली गेली. धरणाने पाणी आणि वीज दिली हे खरेच. पण कोणाचे अंगण कायमचे बुडाले, हेही तितकेच खरे. वेगड ६ जुलै २०१८ रोजी गेले. बुडण्यापूर्वीचा तो काठ पायांनी जाणणाऱ्यांपैकी ते एक होते, आणि म्हणून त्यांच्या कागदी तुकड्यांचे मोल केवळ शोभेचे नाही.

कापडात अशी नदी उतरवणे सुईदोरा हाती धरणाऱ्या कोणालाही जमेल. पाण्यासाठी जुने सुती पातळ घ्यावे, कड्यांसाठी विरलेले धोतर. पुष्कळदा धुतलेले कापड मऊ असते आणि ते आणखी आटत नाही. जुन्याशेजारी कोरा तुकडा लावला, तर पहिल्याच धुण्यात तो आक्रसतो आणि सगळी नदी सुरकुतते. गडद रंग आधी भिजवून पाहावा. लाल काठाने रंग सोडला की संगमरवराची वाट लागते. धुवांधार धबधब्याच्या तुषारांना जुन्या मलमलीचा एकेरी थर पुरतो, खालचा रंग त्यातून धुरकट दिसतो. मग धावदोरा. पाण्याच्या भागात तो आडवा, जवळ जवळ घालावा. दोऱ्याच्या दोन ओळींमध्ये कापड किंचित फुगते आणि लाटा आपोआप उठतात. कड्यांवर टाके उभे आणि विरळ असलेले बरे. घाई मात्र चालत नाही.

भेडाघाटची होडी पावसाळ्यात बंद असते, आणि पुरात धुवांधारचा धबधबाही पाण्यात दडून जातो. तेव्हा जावे हिवाळ्यात. सकाळी एकदा आणि जमल्यास पौर्णिमेच्या रात्री पुन्हा, कारण त्याच कड्यांचे रंग तेव्हा वेगळे असतात. सोबत कॅमेरा असला तरी एक वही ठेवावी. कुठला कडा घरातल्या कुठल्या पातळासारखा दिसला, तेवढे तिथेच टिपून घ्यावे.