विहिरीचे पाणी आणि पांढरा साका

गेल्या शिमग्याच्या सुमारास आमच्या विहिरीवरून घरात दोन तट पडले. खाजनाचा बांध आदल्या पावसात फुटला होता, मानशीची दारे नीट बसत नव्हती, भरतीचे पाणी आत शिरत होते. आई म्हणे, विहीर खारी झाली, आता पेजेत मीठ घालायची गरज नाही. भावाला ते पटेना. आजोबांनी खणलेली विहीर!

अकरावीतल्या पुतणीने पाणी शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. दहा मिलिलिटर पाणी, कार्बोनेटचा साका आड येऊ नये म्हणून थोडे विरल नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. संध्याकाळी तोंड पाडून आली. "काका, पांढरे झाले. विहीर गेली."

तिचा तक्ता पाठ होता. नायट्रेटे सगळी विरघळतात, सोडियमचे क्षारही. क्लोराईडे विरघळतात, पण चांदीचे नाही. म्हणजे सोडियम नायट्रेट पाण्यातच राहणार आणि सिल्व्हर क्लोराईडचा साका बसणार. बरोबर. पण किती मीठ असले म्हणजे साका बसेल, हे तक्ता सांगत नाही.

मी कागद घेतला. लिटरमागे किती मोल, अशा हिशेबाने चांदी आणि क्लोराईड यांचा गुणाकार करायचा. तो १.८ गुणिले १० चा उणे दहावा घात यापुढे गेला, तर साका बसतो. तिचे द्रावण ०.१ मोलरचे, एका थेंबाचे दहा मिलिलिटरांत ०.०००५ मोलर झाले. आता लिटरला अवघे २० मिलिग्रॅम क्लोराईड असलेली एखादी गोडी विहीर धरा. गुणाकार मर्यादेच्या दीड हजार पट भरतो! म्हणजे शेजारच्या विहिरीचे पाणीही गढुळलेच असते. (दुसऱ्या दिवशी तिने नेऊन पाहिले. गढुळले.)

मग शिक्षकांनी तिला मोजमाप करायला लावले. पाण्यात पिवळे पोटॅशियम क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचे. सिल्व्हर क्रोमेट त्या मानाने अधिक विरघळणारे, म्हणून क्लोराईड संपत येईपर्यंत त्याची पाळी येत नाही; ती आली की विटकरी रंग उमटतो. साका कोणता आधी, कोणता नंतर, या भाकितावरच सगळी पद्धत उभी आहे. मला तर ही त्या तक्त्यापेक्षा जास्त आवडते.

आकडा आला लिटरला ४१० मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी क्लोराईडची इष्ट मर्यादा २५०. दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालते. आमच्याकडे नळ आहे.

"मी काय सांगत होते?" आई म्हणाली. भाऊ गप्प. सध्या पेजेला नळाचे पाणी, आंघोळीला विहिरीचे. बांधाची दुरुस्ती झाली की पुतणी पुन्हा मोजणार आहे.