देवीचं माहेर

मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव सुरू झाला, की दर्शनाच्या रांगेत आमच्या मराठवाडी हेलांमध्ये एक वेगळी मराठी मिसळते. रत्नागिरी, चिपळूण, पुणे, डोंबिवली. हातात खणानारळाची ओटी, सोबत बहुतेकदा एखादं नवं जोडपं. चित्पावनांची ही कुलस्वामिनी. समुद्रकाठच्या माणसांची देवी बालाघाटच्या या कोरड्या माथ्यावर काय करते, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा.

गावातल्या म्हाताऱ्यांकडे त्याचं उत्तर तयार असे. देवी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड घाट चढून आलं, अंब्यात मुक्काम पडला आणि मुहूर्त टळला. वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. जयवंतीकाठच्या लेण्यात, ज्याला गाव हत्तीखाना म्हणतं, तिथले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले. परळी इथून तासाभराच्या वाटेवर; पण देवी ना सासरी पोचली, ना माहेरी परतली. कुमारिकाच राहिली.

गंमत अशी, की कोकणची माणसं आपली आई शोधत घाटावर येतात आणि घाट त्यांना सांगतो, बायांनो, तिचं माहेर तर तुमच्याकडेच! बरं, कोकणात विचारावं तर तिथे परशुरामाची कथा. त्याने समुद्र मागे सारून भूमी काढली, किनाऱ्याला लागलेले चौदा मृतदेह चितेवर पावन करून उठवले. ते चौदा जण कुठून वाहत आले, यावर कथा गप्प. तिकडे अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल ज्यूही हेच सांगतात: गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. दोन्हीकडे आकडा चौदाच, आणि दोन्हीकडे मागची वाट समुद्राने पुसलेली.

हरवलेलं मूळ घर जगभर असंच सापडतं. न्यूझीलंडच्या माओरींचं हवाईकी. मेल्यावर आत्मा बेटाच्या उत्तर टोकावरून तिकडेच निघतो. मेक्सिकोच्या अझ्टेकांचं अझ्टलान. देवाने सांगितलं म्हणून ते घर सोडून निघाले आणि 1325 च्या सुमाराला त्यांनी सरोवरात नवी राजधानी वसवली. पुढे पहिल्या मोक्तेसुमा राजाने जाणते मांत्रिक पाठवून ते घर शोधायला लावलं. डिएगो दुरान या धर्मगुरूने लिहून ठेवलंय, की तिथे त्यांना देवाची आई भेटली. लेक गेल्यापासून तिने तोंड धुतलं नव्हतं, केस विंचरले नव्हते. टेकडी चढताना मांत्रिक वाळूत रुतू लागले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याने विचारलं, एवढे जड झालात, खाता तरी काय? वैभव मिळालेल्या लेकरांना मूळ घरी असं बोलणं खावं लागतं!

रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनाही हा ध्यास होता. वेदांतल्या लांबलचक उषा आणि पारशांच्या अवेस्तेतला दहा महिन्यांचा हिवाळा जुळवून 1903 साली त्यांनी आर्यांचं घर थेट उत्तर ध्रुवापाशी नेऊन ठेवलं. संशोधकांनी ते मानलं नाही. मला त्यातली अवेस्ता मात्र आवडते, कारण तिथे घर सुटण्याच्या गोष्टीत निदान थंडीचं नाव निघतं. बाकी बहुतेक ठिकाणी कारण दैवी: देवाची आज्ञा, समुद्राचा कोप, टळलेला मुहूर्त. भूक लागली म्हणून निघालो, असं दंतकथा सहसा कबूल करत नाही.

हे मला इथेच खटकतं, कारण ज्या मार्गशीर्षात देवळात गर्दी असते, त्याच मार्गशीर्षात केज, धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या वाड्या-तांड्यांवर कुलपं असतात. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला गेलेल्या असतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. 1972 च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुंद झाली. पण त्यांच्या गावाची दंतकथा होत नाही, कारण हंगाम संपून पट्टा पडला की ते परत येतात. घरी म्हातारी असते, शेळी असते, फिटलेल्या आणि न फिटलेल्या उचलीचा हिशेब असतो. परत येणाऱ्याला कथेची गरज नसते.

काही कोयते मात्र परत येत नाहीत. कारखान्याच्या गावाला किंवा पुण्याच्या कडेला खोली करून राहतात. त्यांची नातवंडं कधीतरी नवं जोडपं घेऊन धारूरच्या घाटात एखाद्या देवीच्या ओटीला येतील आणि विचारतील, आपण इथून का निघालो? तेव्हा पुजारी एखादी सुंदर गोष्ट सांगेल. तीही ऐकावी. पण मुहूर्त टळला म्हणण्याआधी पाऊस किती वर्षं टळला आणि उचल किती होती, हेही त्यांना सांगणारं कुणीतरी हवं.