आधी टेकू, मग करवत

फायबरची होडी कुजत नाही, हे अर्धसत्य आहे. काचतंतू कुजत नाहीत; पण त्यांच्या पोटात दडवलेले लाकडी वासे आणि इंजिन टांगायच्या फळीतले प्लायवूड मात्र कुजते. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरते, आणि गंमत म्हणजे खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणीच जास्त घातक, कारण मिठात बुरशी फारसे बाळसे धरत नाही. असे वासे काढायचे ठरले की हात आधी करवतीकडे जातो. तो तिथेच थांबावा. तळाचे पातळ कवच आकार टिकवते ते या वाशांच्या जोरावर. ते निघाले की कवच टेकूंच्या मधे झोळ धरते आणि टेकूवर आत दबते.

कुणी म्हणेल, फायबर लवचीक आहे, पुन्हा सरळ होईल. होईलही, पण नवे वासे फायबरने जखडले की वाकडेपणाही कायमचा जखडला जातो. वेगाने धावणाऱ्या होडीच्या तळाला मागे खोलगट बाक आला, तर नाळ पाण्यात घुसते. म्हणून कवचाच्या वळणाबरहुकूम कापलेल्या आडव्या फळ्यांचा पाळणा हवा, भार पसरवणारा. दोन टायर पुरत नाहीत.

वासे न काढता त्यांत भोके पाडून रेझिन ओतण्याचा मार्ग स्वस्त खरा, पण ओले लाकूड ते पीत नाही. आणि लाकडाचाच हट्ट कशाला? उंच वाशात भार मुख्यतः बाहेरचे फायबर पेलते. आत फोम असला तरी चालते, थर मात्र त्या हिशेबाने जाड हवेत. जुन्या पृष्ठभागाशी नवे रेझिन रासायनिकरीत्या फारसे जुळत नाही, केवळ ओरखड्यांना धरून चिकटते. त्यामुळे घासण्यात आळस नको. तिथे एपॉक्सी रेझिन पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरते, महाग असले तरी.