खापरपणजोबांची चकती

होळकर पुलाजवळ वॉर सिमेट्री आहे. चार वर्षं मी तिच्यावरून रोज गेले असेन. स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ, डोक्यात डेडलाइन. आत मात्र कधी पाऊल टाकलं नाही. मेलेल्या गोऱ्यांची जागा, एवढंच माझं जनरल नॉलेज. तुमचं तरी याहून बरं आहे का?

मग गेल्या दिवाळीत साताऱ्याकडे गावी गेले, तर आजीने फडताळातून एक चकती काढली. तळहाताएवढी, कांशाची, चांगली जड. वर त्रिशूळ घेतलेली एक बाई, तिच्यापुढे सिंह आणि छोट्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत माझ्या खापरपणजोबांचं नाव. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशा 13 लाखांहून जास्त चकत्या पाठवल्या होत्या. आजीच्या आजेसासूबाई हिने दह्याचं मडकं झाकायच्या. दसऱ्याला मात्र न चुकता चिंचेने घासायच्या. नवऱ्याचं लिहिलेलं नाव म्हणून त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि त्यांना वाचता येत नव्हतं.

"बसऱ्याला गेलं ते तिकडंच ऱ्हायलं," आजी म्हणाली. "तुज्या पुण्यात म्हणं सायबानं समद्यांची नावं लिवल्याती. बगून ये की, हाय का त्येंचं."

एका रविवारी गेले. आत शिरलं की मुळा रोडचे हॉर्न एकदम लांब गेल्यासारखे वाटतात. कापलेली हिरवळ, फुलझाडं आणि एकाच मापाचे दगड, रांगेत. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत इथे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या. हे सगळं सांभाळणाऱ्या युद्धकबर आयोगाची स्थापना 1917 ची आणि नियम एकदम साधा. अधिकारी असो नाहीतर साधा शिपाई, दगड सारखाच. लॉर्डाच्या मुलाला मोठा नाही, हमालाच्या मुलाला छोटा नाही. घरच्यांना हवं तर खाली एखादी ओळ कोरून घेता यायची. मी वयं वाचत गेले. एकोणीस, बावीस, एकवीस. मी अठ्ठावीसची. म्हणजे इथे मी सीनियर!

पहिल्या महायुद्धाचं स्मारकही आत आहे, 1,800 वर नावांचं. बोट ठेवून सगळी वाचली. आमचं आडनाव कुठून असणार? भारतात मेलेल्या आणि आज भारत-पाकिस्तानात असलेल्या जुन्या दफनभूमींत पुरलेल्या सैनिकांची ती नावं. आमचे गेले इराकात. हा होमवर्क आधी करायला हवा होता, जर्नालिस्ट म्हणवते ना स्वतःला!

मग केला. इराकात, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, सुरुवातीला उतरलेल्या फौजेचं नावच '6 वी पूना डिव्हिजन'. तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. 7 डिसेंबर 1915 ला ही फौज कुटला वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 ला उपासमारीपायी सुमारे 13,000 जण शरण गेले. आमचे त्यांत होते का, हे आजीलाही ठाऊक नाही.

हिंदू शिपायाला कबर नाही, हे मला पटतं. पण नाव? बसऱ्याच्या स्मारकावर 40,000 हून जास्त सैनिकांची आठवण आहे. (सद्दामने 1997 मध्ये ते अख्खं उचलून शहराबाहेर नेऊन ठेवलं, ते वेगळंच.) त्यातले 33,000 च्या वर भारतीय. अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या भारतीय शिपायांचा नुसता आकडा! आणि याच आयोगाने फ्रान्समध्ये नव शापेलला, 1927 मध्ये, 4,700 वर भारतीयांची नावं व्यवस्थित कोरलीच ना? युरोपात येणारे-जाणारे बघणार होते. बसऱ्यात कोण बघतंय? हा माझा तिरकसपणा समजा हवं तर. पण 2021 मध्ये आयोगाच्याच समितीने मान्य केलं, की मुख्यतः आफ्रिकी आणि इजिप्शियन असे किमान 1,16,000 जण नावाने, किंवा कदाचित मुळीच, नोंदले गेले नाहीत. आयोगाने माफीही मागितली.

आता शिपायांच्या नोंदी आयोगाच्या ऑनलाइन यादीत शोधता येतात. रात्री दीडला लॅपटॉपवर आमचं नाव टाइप केलं. तीन सापडले. तिघं शिपाई, तिघं मराठा पलटणीतले, आणि एकाच्याही पुढे आमचं गाव नाही. चकती उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर ना हुद्दा, ना पलटण, ना नंबर. मुद्दामच नाही. मरणात सगळे सारखे, म्हणून फक्त नाव कोरायचं असं ठरलेलं. त्यामुळे आमचे यातले नेमके कोण, ते कळायची सोयच नाही.

सकाळी आजीला फोन केला. सिमेट्रीत नाहीत, पण यादीत एकाच नावाचे तिघं आहेत म्हणून सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, रेंज गेली.

"तिगं व्हय?" ती म्हणाली. "मग औंदा पितराला तीन पानं वाढू."