किती मेगापिक्सल?

घरात कुणी नवा फोन आणला की किंमतीच्याही आधी प्रश्न येतो, "कॅमेरा किती मेगापिक्सल?" आकडा मोठा म्हणजे फोटो चांगला, असं सगळ्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं. मला फोटोंचं वेड, त्यामुळे नातेवाइकांत याची उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे.

दिवाळीत भोपाळला मामाकडे गेले होते, नेहरू नगरात. माझी मामेबहीण शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून १०८ मेगापिक्सलचा फोन घेणार होती. "ताई, माझा जुना फक्त बाराचा आहे गं. आजीचे फोटो चांगले यायला हवेत ना!" आजी आता ८६ वर्षांची. हौस खरी आणि पैसे कष्टाचे, तेव्हा नुसतं "घे" किंवा "नको घेऊ" म्हणून भागणार नव्हतं.

एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. बारा मेगापिक्सलचा फोटो साधारण ४००० ठिपके रुंद आणि ३००० उंच असतो. ८ बाय १२ इंचांचा सुरेख प्रिंट काढायला नऊ मेगापिक्सलही पुरतात. जास्तीचे ठिपके कामाला येतात ते फोटो फार मोठा छापायचा असेल किंवा त्यातला छोटा तुकडा कापून घ्यायचा असेल तेव्हा. आणि तेही भरपूर उजेड असेल तर.

कारण फोटो उजेडातून बनतो. नेहरू नगरापासून भदभदा जवळच, म्हणून तिला तिथलंच उदाहरण दिलं. चांगला पाऊस झाला की मोठा तलाव भरतो आणि भदभद्याचे दरवाजे उघडतात. हे पाणी येतं ३६१ चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून. काठावर घागरी जास्त मांडल्या म्हणून ते वाढत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे पाणलोट आणि ठिपके म्हणजे घागरी. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तर फोनमधला अंगठ्याच्या नखाहून लहान. त्यात १० कोटी ८० लाख घागरी मांडल्या, तर एकेकीच्या वाट्याला थेंबच येणार. म्हणून तर असे फोन एरवी नऊ-नऊ ठिपके एकत्र करून शेवटी बारा मेगापिक्सलचाच फोटो देतात! आयफोनचा मुख्य कॅमेरा २०१५ ते २०२१ बारा मेगापिक्सलचाच होता. फोटो मात्र सुधारत गेले, ते सेन्सर, लेन्स आणि सॉफ्टवेअरमुळे.

तरी तिला पटेना. मग शेजाऱ्यांचा १०८चा फोन मागून आणला आणि संध्याकाळी निरांजनाच्या उजेडात आजीचा फोटो काढला. मोठा करून पाहिला, तर चेहरा मेणाचा! अंधारात उमटलेले दाणे झाकताना फोनने आजीच्या सुरकुत्याच पुसून टाकल्या होत्या. सकाळी आजीला खिडकीशी बसवलं आणि जुना बाराचा फोन वापरला. कपाळावरची रेघ न् रेघ आली, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरासुद्धा.

आजी म्हणाली, "ही मी." मामेबहिणीने पैसे सध्या बँकेतच ठेवलेत.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा सेन्सर केवढा आहे ते विचारा. दुकानातल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात सोबतच्या माणसाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. तो माणूस ओळखीचा वाटला, तर कॅमेरा चांगला.